गुलाबी शेपटीचा धूमकेतू

दातकाका दातांचे डॉक्टर नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ते स्वतः भेटेल त्याला हेच सांगत सुटायचे. डॉक्टर दात काढतात. मग जे बोळकं तोंड उरतं, त्याची सोय दातकाका करतात. चौकातल्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायच्या, आणि दातकाका आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून त्या मापावर कवळी बनवायचे. खोलीत टेबल, टेबलावर मेणाच्या गुलाबी वड्या, स्पिरिटचा दिवा, आणि सगळीकडे दात. खणात दात, बशीत दात, एकदा तर चहाच्या कपातही एक दाढ निघाली होती. कप पाहुण्यांचा होता, म्हणून ती गोष्ट घरात अजून निघते.

हे दिवसाचं झालं. अंधार पडला की मात्र हा माणूस घरात सापडायचा नाही. गच्चीवर.

दातकाकांना आकाशाचं वेड होतं, आणि नुसतं बघण्याचं नव्हे, फोटो काढण्याचं. दुर्बीण त्यांनी स्वतः केली होती. आरसा महिनोन्‌महिने हाताने घासला, नळी ड्रेनेजच्या जाड पाइपची केली, आणि ही सगळी वरात बसवली कशावर, तर डॉक्टरीणबाईंनी मोडीत काढलेल्या पेशंटच्या खुर्चीच्या बैठकीवर. पायाने पेडल दाबलं की दुर्बीण वर जायची. एकदा शेजारच्या शिंप्याने विचारलं होतं, "काका, आकाशाने आ केला की लगेच भूल देता की काय?" तेव्हापासून शिंपी आणि काका यांचं बोलणं जरा बेताचंच आहे.

आता फोटो म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं नसतं हो. कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा, दोन-दोन मिनिटं उघडा ठेवायचा, असे खंडीभर फोटो काढायचे, आणि ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. तेव्हा कुठे काळ्या पडद्यावर धुरकट डाग उगवतो. हा डाग म्हणजे दुसरी अख्खी दीर्घिका, तिच्यात अब्जावधी तारे, असं काका डोळे मोठे करून सांगायचे, आणि ऐकणारा म्हणायचा, "अच्छा." त्या 'अच्छा'ने काकांच्या काळजाला घरं पडायची.

गावातल्या आकाश मंडळाचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरे. मंडळाचे अध्यक्ष बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेले. खोटी नोट आणि खोटा तारा दोन्ही त्यांना उजेडात धरूनच बघायची सवय. प्रदर्शनाच्या भिंतीवर कुणाचा फोटो लागायचा हे तेच ठरवत. काकांचा एकही फोटो आजवर त्या भिंतीवर लागला नव्हता. एका वर्षी तो हलला. एका वर्षी त्यात पतंग आला, तोही नेमका मधोमध, पंख पसरून. आणि त्यानंतर दरवर्षी फोटोच्या एका बाजूने नारिंगी उजेड पसरलेला असे. अध्यक्षांनी मागच्या खेपेला फोटो परत देताना म्हटलं होतं, "सूर्योदय सुंदर आलाय. पण आपला विषय रात्रीचा आहे."

तो उजेड होता समोरच्या हेडबाईंच्या दिव्याचा.

हेडबाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, दातकाका त्यांतलेच. वय झालं, पाठ वाकली, एकट्या राहायला लागल्या, पण आवाज तोच. त्यांच्या गच्चीच्या दारावर एक दांडगा दिवा होता, आणि तो दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत जळायचा. त्याचा झोत थेट काकांच्या गच्चीवर. काका तिथे उभ्याउभ्या पेपर वाचू शकायचे.

एकदाच, फक्त एकदाच, काका धीर करून त्यांच्याकडे गेले होते. "बाई, तो दिवा जरा तासभर बंद ठेवला तर..." एवढंच बोलून झालं होतं.

"तू शाळेत काय दिवे लावलेस ते मी पाहिलंय," हेडबाई म्हणाल्या. "आता माझा राहू दे."

पन्नाशी उलटलेला माणूस, पण मान खाली घालून परत आला. घरी येऊन मग दिव्याला, वीजमंडळाला आणि शिक्षणखात्याला यथेच्छ शिव्या दिल्या. दिवा का लागतो, हे विचारायचं मात्र काही सुचलं नाही.

पण खरा पेच घरातच होता. काकू सरकारी दवाखान्यात नर्स. रोजचे पांढरे कपडे, रोजचं धुणं. दुर्बीण आली तेव्हा गच्चीवरची कपड्यांची दोरी आड येते म्हणून काकांनी ती काढून टाकली होती. तेव्हापासून घरातले कपडे सोफ्यावर, दारांवर, खुर्च्यांच्या पाठीवर वाळायचे. पाहुणा आला तर टॉवेल बाजूला सारून त्याचं तोंड शोधावं लागे. काकूंनी पुष्कळ सहन केलं. शेवटी एका सकाळी युनिफॉर्म ओला तो ओलाच निघाला, तो अंगावर चढवता चढवता त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "यंदा बघते. यंदा फोटो त्या भिंतीवर लागला तर ठीक. नाही लागला तर दुर्बीण खाली आणि दोरी वर."

काकू ओरडल्या असत्या तर काकांनी मनावर घेतलं नसतं. शांतपणे बोलल्या म्हणून घेतलं. ती दुर्बीण गच्चीवरून उतरायची या कल्पनेनेच त्यांना घास गोड लागेना.

नेमकं त्याच सुमारास हेडबाईंच्या कवळीचं काम आलं. जुनी कवळी ढिली झाली होती. तिच्यातून 'शिस्त' म्हणताना शिट्टी वाजायची, आणि गल्लीतली मुलं रांगेत उभी राहायच्या ऐवजी पळत सुटायची. आता शाळेच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन रविवारी होतं आणि भाषण हेडबाईंचं. त्यांना नवी कवळी त्याआधी हवी होती. दातांचा रंग त्यांनी स्वतः निवडला होता, खिडकीपाशी बसून, आरसा घेऊन, दोन तास. "फार पांढरे नकोत. माझ्या वयाला शोभतील असे दे," असं बजावलं होतं.

काकांनी सगळे दात मेणावर रचले आणि बघतात तो काय, पुढचा एक दात गायब. टेबलाखाली शोधला, खणात शोधला, केराच्या डब्यात हात घातला. दात काही मिळेना. दुसरा मागवायचा तर तो यायला आठवडा. काकांनी तात्पुरता दुसऱ्या रंगाचा एक लावून नेला. हेडबाईंनी आरशात पाहिलं.

"हा दात आमच्यातला नाही," त्या म्हणाल्या. "माझा होता तो कुठाय?"

"करतो बाई. दोन दिवसांत करतो."

"शाळेतही हेच म्हणायचास."

त्याच आठवड्यात काकांनी कॅमेरा आणि दुर्बीण यांच्यामध्ये बसणारी नवी कडी केली होती. जुनी प्लास्टिकची डुगडुगायची. विकतची आणायची कशाला? घरात कवळीचा गुलाबी माल पडलेला. काकांनी हिरडीसारखी गुळगुळीत गुलाबी कडी घडवली, टेबलावरचंच मऊ मेण आतून सांध्यांना चोपडलं, आणि घाईघाईत वर नेऊन बसवली. स्वतःवर इतके खूश झाले की काकूंना हाक मारून दाखवली. काकू म्हणाल्या, "दुर्बिणीला हिरड्या फुटल्या म्हणायच्या."

त्या संध्याकाळी काकांनी देवयानी दीर्घिकेचे फोटो काढले. स्वयंपाक होईपर्यंत ते कॉम्प्युटरवर रचून झाले, आणि काकांचा हात माउसवरच थांबला. दीर्घिकेच्या शेजारी एक नवीन गोष्ट होती. लांबट, दुधाळ, एका टोकाला उजळ, आणि दुसऱ्या टोकाला फिकट गुलाबी शेपूट. काकांनी चष्मा पुसला, स्क्रीन पुसली. ती गोष्ट तिथेच. कुठल्याच नकाशात तिचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दुर्बीण मुद्दाम दुसरीकडे, कृत्तिकांकडे वळवली. आणि काय सांगू, ती गोष्ट तिथेही हजर. आता एखाद्या शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बाबा रे, दोन टोकांना एकच डाग दिसतो, म्हणजे डाग आकाशात नाही, तुझ्या यंत्रात आहे. पण गेली कित्येक वर्षं ज्याला 'अच्छा'शिवाय काही ऐकायला मिळालं नव्हतं, त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करायची तरी कशी? काकांनी निष्कर्ष काढला: ती गोष्ट सरकली. सरकते म्हणजे धूमकेतू. आणि एका दिवसात देवयानीपासून कृत्तिकांपर्यंत म्हणजे केवढा वेग!

"गुलाबी धूमकेतू असतो का हो?" काकूंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"दुर्मीळ," काका म्हणाले.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मृग नक्षत्राकडे बघितलं, आणि धूमकेतू तिथेही आधीच पोचलेला. काकांना गहिवरून आलं. त्यांना वाटलं, हा नक्की आपल्यासाठीच आलाय.

अध्यक्षांना फोन गेला. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही दुर्बीण जिकडे नेता तिकडे तो येतो?"

"अगदी बरोबर."

"तुमच्या आधी पोचतो की मागून?"

"बरोबरच असतो," काका अभिमानाने म्हणाले. मग अध्यक्ष म्हणाले की शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः येऊन बघतील, आणि खरा निघाला तर भिंतीवर मधली जागा काकांची.

मधली जागा! काकांच्या पोटात ही बातमी राहणं शक्य नव्हतं. त्यांनी काकूंना सांगितली, काकूंनी दवाखान्यात, तिथून ती डॉक्टरीणबाईंकडे, आणि डॉक्टरीणबाईंकडून हेडबाईंकडे. गुरुवारी सकाळी हेडबाई काठी टेकत थेट काकांच्या खोलीत आल्या. काकांना वाटलं, आता दाताबद्दल ऐकावं लागणार. ते उभेच राहिले.

"धूमकेतू शोधलास म्हणे," हेडबाई म्हणाल्या.

"हो बाई."

"माझा विद्यार्थी आहेस." एवढं बोलून त्यांनी खुर्ची ओढून घेतली. डोळ्यांत पाणी होतं. "रविवारच्या भाषणात सांगणार आहे मी. माझ्या हाताखालच्या मुलाने धूमकेतू शोधला. आणि ऐक, उद्या मी वर येते बघायला. तेवढ्या वेळेपुरता दिवाही बंद ठेवते."

गेली इतकी वर्षं ज्या दिव्याने त्यांच्या नाकात दम आणला, तो आपल्या पायाने चालत येऊन विझायला तयार झाला होता. दात मात्र अजून मिळाला नव्हता, पण त्याबद्दल दोघांपैकी कुणीच अवाक्षर काढलं नाही.

शुक्रवारी अंधार पडला तेव्हा गच्ची भरून गेली होती. अध्यक्ष आले, डॉक्टरीणबाई आल्या, शिंपीही आला, कारण अशा वेळी भांडण धरून कसं चालेल. हेडबाईंना मधोमध खुर्ची दिली. समोरचा दिवा अजून चालूच होता, म्हणून काकांनी पहिला फोटो तसाच काढला. दोन मिनिटं सगळे श्वास रोखून उभे. मग फोटो स्क्रीनवर आला आणि त्यात धूमकेतू, दुधाळ, गुलाबी शेपटीचा. टाळ्या पडल्या. अध्यक्ष तेवढे वाकून स्क्रीनकडे बघत राहिले.

"आता दिवा बंद करू या, म्हणजे आणखी खुलेल," हेडबाई म्हणाल्या आणि त्यांनी काकूंच्या हातात घराची किल्ली दिली. काकू जिना उतरून समोर गेल्या. थोड्या वेळाने त्यांची सावली समोरच्या गच्चीवर दिसली, आणि दिवा गेला.

काळोख झाला. आणि खरं सांगायचं तर गच्चीवरच्या सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या. डोक्यावर इतके तारे असतात हे गल्लीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. काकांनाही नाही. त्यांनी दुसरा फोटो काढला.

धूमकेतू नव्हता.

"ढग आला असेल," शिंपी म्हणाला. ढग नव्हता. काकांनी तिसरा फोटो काढला. नव्हता. त्यांना गच्चीवरची दोरी दिसू लागली, तिच्यावर टॉवेल, उशांचे अभ्रे, स्वतःच्या पँटी.

तेवढ्यात हेडबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच बारीक. "तुझी बायको अजून आली नाही का रे?"

"येईल बाई. का?"

"मला अंधाराची भीती वाटते," हेडबाई म्हणाल्या. "हे गेल्यापासून. उजेड असला की घर रिकामं आहे हे एवढं जाणवत नाही."

ज्या बाईंच्या नुसत्या पावलांनी वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाई हे सगळ्यांसमोर बोलल्या. काकांना धूमकेतूचा विसर पडला. आपण वर्षानुवर्षं त्या दिव्याच्या नावाने बोटं मोडली आणि एकदाही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी कठड्यावरून हाक मारली, "अगं, दिवा लाव. बाईंना भीती वाटतेय."

दिवा लागला. चौथा फोटो तेव्हा चालूच होता. तो स्क्रीनवर आला, आणि त्यात धूमकेतू हजर.

अध्यक्ष सरळ उभे राहिले. ते कठड्यापाशी गेले आणि नम्रपणे म्हणाले, "वहिनी, जरा बंद करता?" दिवा गेला, फोटो काढला, धूमकेतू गेला. "आता लावा." दिवा लागला, फोटो काढला, धूमकेतू आला.

"दिसतोय का?" काकूंनी पलीकडून विचारलं.

"दिसतोय," अध्यक्ष म्हणाले, आणि मग काकांकडे वळून, "तुमचा धूमकेतू त्यांच्या बटणावर चालतो."

काकांनी कॅमेरा सोडवला. गुलाबी कडी काढून दिव्याच्या उजेडात धरली. कडीतून उजेड आरपार येत होता, म्हणजे शेपटीचा उलगडा झाला. आणि आतल्या बाजूला, मेणात घट्ट रुतून बसलेला, हिरडीत शोभावा तसा एक दात चमकत होता.

हेडबाईंनी हात पुढे करून कडी मागून घेतली, चष्मा वर केला, आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"हा माझा दात आहे," त्या म्हणाल्या.

काका खाली बघत उभे. भिंत गेली, मधली जागा गेली, दुर्बीण गेली, आणि रविवारच्या भाषणात आता आपलं नाव कशासाठी येणार ते त्यांना दिसत होतं. "चुकलं बाई," ते म्हणाले.

आणि हेडबाई हसायला लागल्या. ढिली कवळी घरीच ठेवून आल्या होत्या, तोंडात एकही दात नव्हता, पण अशा हसल्या की खुर्ची हलली. मग डॉक्टरीणबाई हसल्या, शिंपी तर कठडा धरून हसला, आणि अध्यक्ष, ज्यांना मंडळात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, ते रुमालात तोंड घालून पाठमोरे उभे राहिले. काकू धावत वर आल्या तर त्यांना काय झालं ते कुणी सांगू शकेना.

हसणं ओसरल्यावर हेडबाईंनी डोळे पुसले. "तू इथे बस, माझा हात धर," त्यांनी काकूंना सांगितलं. मग शिंप्याला म्हणाल्या, "तू जा, दिवा बंद करून ये. आणि तू रे, उभा काय राहिलास? एवढी माणसं आलीत. एक फोटो नीट काढून दाखव."

काकांनी कडीतून दात काढून खिशात ठेवला, कडीला बाहेरून काळी पट्टी गुंडाळली, आणि दुर्बीण देवयानीकडे वळवली. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी हललं नाही. हेडबाई काकूंचा हात धरून काळोखात बसून होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "ते काय रे, ते चमकतंय ते?" काका सांगत होते. कुणी 'अच्छा' म्हणालं नाही.

शनिवारी कवळी पुरी झाली. रविवारी हेडबाईंनी भाषणात शिस्तीचा विषय अर्ध्यावर सोडून दाताची गोष्ट सांगितली, शिट्टी न वाजता, आणि म्हणाल्या की धूमकेतू खोटा निघाला तरी सगळ्यांसमोर चूक कबूल करणारा मुलगा माझाच. देवयानीचा फोटो प्रदर्शनात लागला. मधे नव्हे, खालच्या ओळीत, विजेच्या बटणांशेजारी. अध्यक्षांनी ती जागा मुद्दाम दिली असं काकांचं म्हणणं आहे. काकूंनी फोटो बराच वेळ बघितला, "बरा आलाय" म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी गच्चीवर दोरी बांधली. दुर्बीण हलली नाही. दोरीचं एक टोक तेवढं दुर्बिणीखालच्या खुर्चीच्या बैठकीला बांधलंय, त्यामुळे आता दुर्बीण वर केली की टॉवेलही वर जातात.

परवा संध्याकाळी काका गच्चीवर दुर्बिणीचं झाकण काढत होते. समोरून हेडबाईंनी हाक मारली, "आज आकाश स्वच्छ आहे रे. दिवा बंद करू का?"

"थांबा," काका म्हणाले, आणि जिन्याकडे निघाले. "आधी तुम्ही इकडे आमच्या गच्चीवर या. दिवा मी मग तिकडे जाऊन बंद करतो."